चिडीचूप फ्लॅट तुला मानवेना

पत्र थोडक्यात: ताई, माझं वय ३१. मागच्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, ते) निदान झालं, गोळी चालू आहे. सोलापुरात पूर्व भागात आमचं घर, खाली वडिलांचे यंत्रमाग, शाळेचा अभ्यास त्या खडखडाटातच झाला. लग्नानंतर शांतता हवी म्हणून विजापूर रोडला फ्लॅट घेतला. बायको रोज सकाळी ॲप लावून २० मिनिटं ध्यानाला बसवते. पाचव्या मिनिटाला चिडचिड, मग भांडण. शांत कसा होऊ?

अरे बाबा, मागांचं तू एका ओळीत उरकलंस आणि मी तिथंच अडकले. त्या आवाजात बसून अभ्यास केलास, पास झालास, आणि आता हप्ते भरून चिडीचूप खोली घेतलीस आणि मलाच विचारतोस डोकं का फिरतंय!

एडीएचडीवाल्या डोक्याला बऱ्याचदा बाहेर काहीतरी चालू लागतं, नसलं की ते स्वतःच उकरून काढतं, उद्याचं बिल, परवाचं भांडण, नाहीतर फोन. म्हणून बऱ्याच जणांना एकसुरी आवाज, पंख्याचा म्हण पावसाचा म्हण, उलट बरा वाटतो. सगळ्यांना नाही, काहींना आवाजच सोसत नाही, पण तुझा पुरावा तूच लिहून पाठवलायस की.

बायकोचा हेतू चांगला वगैरे मी म्हणत बसणार नाही. मांडी घालून डोळे मिटणं ही तुला शिक्षा आहे, ती बंद.

उद्या ऑफिस सुटलं की वडिलांकडे जा, माग चालू असताना फोनवर अर्धा तास रेकॉर्ड कर. रोज शेडमध्येच जाऊन बसायचं नाही हां, ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास ऐकला तर कान जातात, आणि शेड त्याच्या वरच असते, म्हाताऱ्या विणकरांशी ओरडून बोलावं लागतं ते तू बघितलंयस. घरी ते स्पीकरवर बारीक लावायचं आणि ठेका धरून हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या, श्वास घेताना दोन पावलं, सोडताना चार, लांब सोडला की छातीतली धडधड जरा उतरते. बायकोला आवाज नको असेल तर तिनं दार लावून घ्यावं.

गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नकोस.

आणि ते ध्यानाचं ॲप आत्ताच्या आत्ता काढून टाक, नुसतं डिलीट नाही, ऑटोपे पण बघ, तुझ्यासारख्यांचं हमखास चालू राहिलेलं असतं.