फुकटच्या चॅनेलसाठी हप्त्यावर टॉवर?

प्रश्न : आमचं घर वस्तीपासून दूर, दाट झाडीत आहे. टीव्हीची मासिक फी बंद करून अँटेनावर मोफत चॅनेल पाहायची आहेत. छपरावरच्या अँटेनाला सिग्नल धड मिळत नाही. झाडांच्या वर जाणारा टॉवर उभारायचा तर ५० महिन्यांच्या फीइतका खर्च आहे. मॅचसाठी निम्म्या फीचं पॅकेज मात्र ठेवावं लागेल. टॉवर हप्त्यावर घेऊ का?

उत्तर : हप्त्यावर तर नकोच, रोखीनेही आत्ता नको.

निम्मी फी चालूच राहणार असेल तर बचतही निम्मीच. म्हणजे खर्च वसूल व्हायला ५० नाही, १०० महिने लागतील. आठ वर्षांहून जास्त. व्याज वेगळं. आकाशातून पडणाऱ्या विजेपासून बचावासाठी टॉवरला अर्थिंग लागेल, तेही अंदाजपत्रकात आहे का पाहा. उन्हापावसातली केबल, तिचे जोड आणि वरचा अॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं उपकरण) एवढी वर्षं न बदलता टिकतील, हे मी तरी धरून चालणार नाही. शिवाय सिमेंटमध्ये रोवलेला टॉवर विकून पैसे परत मिळत नाहीत.

टॉवरने चित्र येईलच, याचीही खात्री नाही. अँटेना ५ मीटरवरून १० मीटरवर नेली तर सपाट भूभागावर तिचं रेडिओ क्षितिज, म्हणजे अडथळा नसताना लहरी पकडता येतील तो पल्ला, साधारण ९ किलोमीटरवरून १३ वर जातं. उंची दुप्पट, अंतर दुप्पट नाही. उंचीचा खरा फायदा झाडांचे शेंडे चुकवण्यात आहे, आणि झाडं वाढत राहतात.

टीव्हीची चॅनेल यूएचएफ (आखूड लहरी) आणि व्हीएचएफ (त्याहून लांब लहरी) अशा दोन पट्ट्यांत येतात. यूएचएफ लहरींना पानं आणि फांद्या अडवतात, ओली पानं जास्तच. व्हीएचएफला हा त्रास कमी. तुमची चॅनेल कुठल्या पट्ट्यात येतात, हे आधी शोधा. डिजिटल चित्र हळूहळू धूसर होत नाही. सिग्नल ठराविक पातळीखाली गेला की तुकडे पडतात, गोठतं. पानगळीत सगळं सुरेख दिसलं म्हणून पैसे ओतले आणि पालवी फुटल्यावर पडदा काळा, असं होऊ शकतं.

म्हणून पाच महिन्यांच्या फीएवढी रक्कम साध्या बचतीतून बाजूला काढा आणि चाचणी करा. प्रक्षेपण केंद्राच्या दिशेला झाडीत फट असेल तिथे, किंवा त्या दिशेची झाडं शक्य तितकी लांब राहतील अशा मोकळ्या जागी, साध्या खांबावर चांगली दिशात्मक (एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणारी) अँटेना लावा. केबल लांबेल. टीव्हीच्या नेहमीच्या आरजी-६ केबलमध्ये ३० मीटरनंतर यूएचएफ सिग्नल जेमतेम पाव उरतो, त्यामुळे अॅम्प्लिफायर अँटेनाजवळच हवा. तोच टीव्हीमागे बूस्टर म्हणून लावणं म्हणजे अस्पष्ट बोलणं लाउडस्पीकरवर लावणं. स्प्लिटरने (एका केबलच्या दोन करणाऱ्या जोडाने) दोन टीव्ही जोडले तर प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो. चाचणीपुरता एकच जोडा.

पाहायचं ते पानं भरलेली असताना, पाऊस पडून गेल्यावर आणि वाऱ्यात. तेव्हा चित्र टिकलं तर हा खर्च निम्म्या बचतीतूनही दहा महिन्यांत निघेल आणि टॉवरचा विषय संपेल. नाही टिकलं तर छोटं पॅकेज घेऊन मोफत चॅनेलचा नाद सोडा. निम्मी फी तरीही वाचेल.

तोवर सध्याची जोडणी तोडू नका. मुदतीआधी करार मोडल्यास दंड आहे का, तेही बिलाच्या मागच्या बारीक अक्षरांत आजच वाचून घ्या.