रोखायचे, पण कुठवर? : शीतयुद्धाविषयी वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादाच्या प्रसाराला आवर घालण्यासाठी अमेरिकेने जे धोरण स्वीकारले, त्यावरील आमच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. १९४७ ते १९५३ या काळात हे धोरण आर्थिक मदतीकडून लष्करी सज्जतेकडे कसे सरकत गेले, हा त्या लेखाचा विषय होता. आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : जॉर्ज केनन यांना या धोरणाचे जनक म्हटले जाते. परंतु ‘नाटो’ची स्थापना, उत्तर व दक्षिण कोरियाला विभागणाऱ्या ३८व्या अक्षांशापलीकडे सैन्य नेणे आणि पुढे व्हिएतनामचे युद्ध, या सर्वांना त्यांचा विरोध होता असेही वाचनात येते. मग त्यांना जनक म्हणायचे कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीत असताना केनन यांनी २२ फेब्रुवारी १९४६ रोजी वॉशिंग्टनला एक प्रदीर्घ तार पाठवली. सोव्हिएत राज्यकर्त्यांना बाहेरच्या जगाविषयी वाटणारा संशय अमेरिकेच्या एखाद्या कृतीमुळे निर्माण झालेला नसून, रशियाची जुनी असुरक्षितता आणि त्या राजवटीची स्वतःला टिकवण्याची गरज यांतून तो आला आहे, त्यामुळे सवलती देऊन तो निवळणार नाही, असे त्यांचे निदान होते. मात्र त्याच तारेत त्यांनी हेही बजावले होते की, ही राजवट हिटलरप्रमाणे जुगार खेळणारी नाही. समोर ठाम प्रतिकार दिसला की ती माघार घेते. म्हणजे युद्धाची गरज नव्हती, गरज होती ती चिकाटीची. जुलै १९४७मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात ‘एक्स’ या टोपणनावाने त्यांनी हीच मांडणी जाहीरपणे केली आणि दीर्घकाळ, सावधपणे आवर घातला तर ही राजवट आतूनच बदलेल किंवा मोडेल, असे भाकीत केले.

केनन यांच्या मते, आधुनिक युद्ध चालवण्याइतकी औद्योगिक ताकद असलेली केंद्रे जगात पाचच होती : अमेरिका, ब्रिटन, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्याचा औद्योगिक प्रदेश, जपान आणि सोव्हिएत संघ. यांपैकी एकच सोव्हिएतांच्या हाती होते. उरलेली चार त्यांच्या हाती जाऊ न देणे एवढेच अमेरिकेचे काम होते, आणि युरोप व जपान यांची अर्थव्यवस्था पुन्हा उभी राहिली तर ते काम बव्हंशी रणगाड्यांशिवाय होण्यासारखे होते. या हिशेबात जगातील प्रत्येक देशासाठी लढण्याला जागाच नव्हती, आणि म्हणून केनन यांचा पुढचा विरोध त्यांच्या मूळ विचाराशी सुसंगतच ठरतो.

असे असले तरी त्यांना पूर्णपणे दोषमुक्त करण्यास आम्ही तयार नाही. पाच केंद्रांचा हा हिशेब ‘एक्स’च्या लेखात आलाच नाही. तेथे आले ते सतत बदलणाऱ्या भौगोलिक आणि राजकीय ठिकाणी तोडीस तोड प्रतिबल वापरण्याचे वाक्य, आणि ते कोणीही हवे तसे वाचू शकत होते. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने त्याच वर्षी नेमके यावर बोट ठेवले : अशा धोरणात संघर्षाची जागा मॉस्को ठरवणार आणि अमेरिका मिळतील त्या दुबळ्या, भाडोत्री मित्रांच्या पाठीशी धावत सुटणार. पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहता ही टीका लेखापेक्षा अधिक दूरदर्शी होती, असे आमचे मत आहे. शिवाय १९४८च्या जूनमध्ये गुप्त कारवायांसाठी जी स्वतंत्र यंत्रणा उभारली गेली, तिच्यामागे केनन यांचाच आग्रह होता. त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला, हा भाग वेगळा.

खरे वळण आले ते १९५०मध्ये. परराष्ट्र खात्यातील धोरण नियोजन विभागाचे प्रमुखपद केनन यांच्याकडून पॉल निट्झ यांच्याकडे गेले आणि त्यांच्या देखरेखीखाली एप्रिलमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेसाठी ‘एनएससी-६८’ हा गोपनीय दस्तऐवज तयार झाला. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने अणुस्फोट केला होता आणि ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये साम्यवादी प्रजासत्ताक स्थापन झाले होते. त्या धक्क्यांची छाया या दस्तऐवजावर स्पष्ट दिसते. मुक्त संस्थांचा कुठेही झालेला पराभव हा सर्वत्र झालेला पराभव आहे, असे त्यात म्हटले होते. हे मान्य केले की महत्त्वाचा प्रदेश आणि बिनमहत्त्वाचा प्रदेश हा भेदच संपतो. त्यासाठी लष्करावर मोठा खर्च करावा लागणार होता, आणि तो करण्यास अध्यक्ष ट्रुमन आरंभी राजी नव्हते. पण २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि वाद मिटला. अमेरिकेचा वार्षिक संरक्षण खर्च सुमारे १३ अब्ज डॉलरवरून तीन वर्षांत ५० अब्जांच्या आसपास पोचला.

प्रश्न : ट्रुमन यांच्या धोरणाचा पहिला विजय म्हणून ग्रीसचा दाखला दिला जातो. ग्रीस अमेरिकी मदतीमुळे वाचला, की युगोस्लाव्हियाच्या टिटोंनी सीमा बंद केल्यामुळे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्हींमुळे, परंतु वॉशिंग्टनने जनतेला जी गोष्ट सांगितली तिच्यात दुसऱ्या कारणाला स्थानच नव्हते, आणि तिसऱ्या एका कारणालाही नव्हते. ते तिसरे कारण म्हणजे स्टॅलिन स्वतः. ऑक्टोबर १९४४मध्ये मॉस्कोत चर्चिल आणि स्टॅलिन यांनी बाल्कन देशांतील आपापल्या प्रभावाची टक्केवारी एका कागदावर ठरवून टाकली होती. रुमानियात ९० टक्के सोव्हिएतांचे, तर ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचे. त्याच डिसेंबरात अथेन्समध्ये ब्रिटिश फौजा आणि ग्रीक डावे यांच्यात रस्त्यांवर लढाई झाली, तेव्हा स्टॅलिनने बोटही उचलले नाही. १९४६पासून पेटलेल्या यादवीत साम्यवादी बंडखोरांना आधार मिळत होता तो मुख्यतः युगोस्लाव्हियाकडून, अल्बानिया आणि बल्गेरियाकडून.

फेब्रुवारी १९४७मध्ये ब्रिटनने कळवले की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आपल्याला यापुढे पेलणार नाही. २७ फेब्रुवारीला काँग्रेसच्या नेत्यांसमोर बोलताना परराष्ट्र खात्यातील उपमंत्री डीन ॲचिसन यांनी पिंपातल्या एका नासक्या सफरचंदाची उपमा दिली; आपल्याकडे आढीतल्या नासक्या आंब्याबद्दल म्हणतात तीच ही गोष्ट, एक नासला की सगळी आढी जाते. १२ मार्चला ट्रुमन यांनी ४० कोटी डॉलर मागितले, त्यांतले ३० कोटी ग्रीससाठी होते. ही रक्कम दोन देशांसाठी होती. भाषणातले आश्वासन मात्र सशस्त्र अल्पसंख्याकांच्या किंवा बाहेरच्या दडपणाचा प्रतिकार करणाऱ्या सर्वच स्वतंत्र लोकांसाठी होते. काटकसरी काँग्रेसकडून पैसे मंजूर करून घ्यायचे तर भाषा व्यापक हवी, हे समजण्यासारखे आहे. पण तत्त्व एकदा असे बिनशर्त उच्चारले गेले की ते माघारी घेता येत नाही, आणि केनन यांचा त्या भाषणावरचा आक्षेप हाच होता. ग्रीसला मदत देण्याला त्यांची हरकत नव्हती.

युद्धभूमीवर अमेरिकी पैसा, विमाने आणि जनरल व्हॅन फ्लीट यांची लष्करी सल्लागार तुकडी यांनी ग्रीक सैन्याचा कायापालट केला, हे नाकारता येणार नाही. डोंगराळ भागातील लाखो ग्रामस्थांना हलवून बंडखोरांची रसद आणि भरती तोडण्यात आली. विजयाच्या वर्णनांत या माणसांचा उल्लेख क्वचितच येतो. दुसऱ्या बाजूला जून १९४८मध्ये टिटो आणि स्टॅलिन यांच्यात फूट पडली, ग्रीक साम्यवादी पक्षाचे सरचिटणीस झकारियादिस यांनी स्टॅलिनची बाजू घेतली, गनिमी युद्धाचा पुरस्कार करणारे सेनापती मार्कोस वाफियादिस यांना दूर केले गेले आणि डोंगर धरून समोरासमोर लढण्याचा अट्टहास सुरू झाला. जुलै १९४९मध्ये टिटोंनी सीमा बंद केली. ऑगस्टमध्ये ग्रामोस आणि वित्सी येथील ठाणी पडली आणि ऑक्टोबरमध्ये लढाई थांबली. मदत नसती तर अथेन्सचे सरकार १९४९पर्यंत टिकले नसते, असे आम्हांला वाटते. पण सीमा उघडी राहिली असती, तर केवळ मदतीवर यादवी त्या वर्षी संपली असती असेही वाटत नाही. साम्यवादी गोट हा एकसंध नाही, हा ग्रीसचा खरा धडा होता. वॉशिंग्टनने टिटोंना पुढे मदत दिली, म्हणजे तो तिथे कळला होता. आशियात मात्र चीन आणि सोव्हिएत संघ यांच्या बाबतीत तो वीस वर्षे वापरला गेला नाही.

प्रश्न : मार्शल योजनेचे दार सोव्हिएत संघालाही खुले होते, हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : युरोपची अर्थव्यवस्था पुन्हा उभी करण्यासाठीच्या या अमेरिकी मदत योजनेचे दार कागदावर खुले होते. ५ जून १९४७च्या हार्वर्ड येथील भाषणात परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी कोणत्याही देशाला वगळले नव्हते. मात्र संयुक्त नियोजन आणि आर्थिक माहितीची देवाणघेवाण ही अट स्टॅलिनला मानवणार नाही, असा परराष्ट्र खात्याचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. जुलैच्या आरंभी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह या योजनेवरची पॅरिसची बैठक सोडून निघून गेले. चेकोस्लोव्हाकियाने निमंत्रण स्वीकारले होते. त्याच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावून नकार देण्यास भाग पाडण्यात आले. अखेर सोळा देश सहभागी झाले आणि चार वर्षांत त्यांना सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत मिळाली. केनन यांच्या मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी कृती हीच होती.

प्रश्न : कोरियन युद्धानंतर युद्धकैद्यांच्या छावण्यांवर कोल्हापूरकडचे थोरात साहेब प्रमुख होते, असे लहानपणापासून ऐकत आलो. दोन महासत्तांच्या भांडणात भारतीय सेना तेथे नेमकी कशासाठी गेली होती? (एक निवृत्त सैनिक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. भारताची भूमिका आरंभापासून दोन्ही बाजूंना खटकणारी होती. उत्तर कोरियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला, पण लढाऊ सैन्य न पाठवता ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. ऑक्टोबर १९५०च्या आरंभी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बीजिंगमधील भारतीय राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्रीनंतर बोलावून घेतले आणि अमेरिकी सैन्याने ३८वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल, असे स्पष्ट सांगितले. दिल्लीमार्फत हा निरोप वॉशिंग्टनला पोचला. तो पोकळ धमकी समजून बाजूला ठेवला गेला, आणि त्याच महिन्यात चिनी फौजा सीमेवरील यालू नदी ओलांडून कोरियात आल्या. दक्षिण कोरिया वाचवणे हे आवर घालण्याच्या धोरणात बसत होते. उत्तर कोरियाच जिंकून घेणे हे त्याच्या पलीकडचे पाऊल होते, आणि त्याची किंमत आणखी जवळपास तीन वर्षांच्या युद्धाने मोजावी लागली.

जुलै १९५१मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी सर्वाधिक काळ अडल्या त्या युद्धकैद्यांवरून. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांना सक्तीने पाठवायचे की नाही, यावर दोन्ही विचारप्रणालींची प्रतिष्ठा पणाला लागली होती. भारताने पुढाकार घेतलेल्या तोडग्यातून अखेर पाच राष्ट्रांचा तटस्थ आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या आणि इतर सदस्य स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया. कैद्यांचा ताबा भारतीय सैन्याच्या दलाकडे आला आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू न देण्याची भाषा केल्यामुळे त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले.

ताब्यातील चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांची संख्या साडेबावीस हजारांहून अधिक होती, त्यांत चिनी बहुसंख्य होते. दुसऱ्या बाजूचे कैदी ३५९, त्यांत २३ अमेरिकी. छावण्यांच्या आत दोन्हीकडच्या संघटित टोळ्यांचा दरारा होता आणि परत जाऊ इच्छिणाऱ्याला जिवाची भीती होती. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत अडकवून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या आवारात गेले आणि त्याला सोडवून आणले. या कामगिरीच्या काळातील नेतृत्वासाठी त्यांना पुढे अशोक चक्र, वर्ग दोन हा सन्मान मिळाला. मुदत संपल्यावर जानेवारी १९५४मध्ये थिमय्या यांनी उरलेले कैदी ज्यांनी आणले त्यांच्याच स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला आणि तो दोन्ही पक्षांना आपापल्या कारणांसाठी आवडला नाही. कोणत्याच बाजूला न जाण्याचे ठरवणारे ८८ कैदी, ७६ कोरियन आणि १२ चिनी, भारतीय दलाबरोबर भारतात आले.

थोरात १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते. त्या पदावरून त्यांनी ईशान्य सीमेवरील चिनी धोक्याबाबत दिलेले इशारे हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर आपले पत्र आल्यास पुढील अंकात त्याला जागा देऊ.