बाळाला तीन दिवस गार का ठेवले?

प्रश्न : माझा नातू मे महिन्यात तालुक्याच्या रुग्णालयात जन्मला, पण रडला नाही. दोन-तीन तासांत त्याला नागपूरला नेले, तेथे तीन दिवस उघड्या अंगाने थंड गादीवर ठेवले. आमच्या आशाताई तर बाळाला गुंडाळून ऊबेत ठेवायला सांगतात. मग खरे काय? पुन्हा असे झाले तर गाडी येईपर्यंत आम्ही ओले फडके ठेवावे काय?
— एक आजी, जि. यवतमाळ

उत्तर : आजी, आशाताईंचे सांगणे बरोबर आहे आणि नागपूरच्या डॉक्टरांनी केले तेही विचारपूर्वकच केलेले आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला इजा एकदम होऊन संपत नाही. श्वास सुरू झाल्यावर काही तास बरे गेल्यासारखे वाटते आणि त्यानंतर पेशी मरण्याची दुसरी लाट येते. ती थोपवण्यासाठी, पूर्ण दिवसांच्या बाळाचे तापमान जन्मापासून सहा तासांच्या आत ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तेथेच राखतात, कारण शरीर गार झाले की मेंदूची प्राणवायूची गरज कमी होते. नंतर ऊब तासाला साधारण अर्धा अंश, इतक्या सावकाश परत देतात.

मात्र या उपचाराबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही, हे तुम्हाला सांगितलेच पाहिजे. पाश्चात्त्य देशांत त्याने मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घटल्याचे दिसले. पण भारत, बांगलादेश व श्रीलंकेतील ४०८ बाळांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा फायदा आढळला नाही, उलट गार केलेल्या बाळांमध्ये मृत्यू अधिक झाले. म्हणून कोणत्या बाळाला हा उपचार द्यावा, याचा निर्णय नवजात अतिदक्षता विभागातच व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा ओले फडके, बर्फ, कूलरची झोत यांपैकी घरी किंवा वाटेत काहीही करू नका. तापमान सतत मोजल्याशिवाय बाळ ३३ अंशांखाली कधी गेले हे कळत नाही, आणि तेथून हृदयाचे ठोके मंदावणे, रक्त न गोठणे असे धोके वाढत जातात. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला तर साधा गारवाही जिवावर बेतू शकतो. पण उलट चूकही तितकीच घातक आहे, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तीच अधिक घडते : बंद गाडीत गोधडीत गुंडाळलेले बाळ तापते, आणि गुदमरलेल्या मेंदूला ताप फार नुकसान करतो. बाळ कोरडे करून एका सुती कापडात घ्यावे, उन्हापासून आडोसा धरावा, आणि १०८ ला उशीर न करता बोलवावे.

नातू आता काही महिन्यांचा असेल. मान धरतो का, दोन्ही हात सारखे हलवतो का, आवाजाकडे वळतो का, हे पाहा. शंका आली नाही तरी जिल्हा रुग्णालयात त्याच्या वाढीची, दृष्टीची व श्रवणाची तपासणी वेळोवेळी करून घ्या.