डबा द्यावा की शाळेची खिचडी?

प्रश्न : ताई, माझी मुलगी महापालिका शाळेत चौथीत आहे. शाळेतल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन 10.4 आलं. सासूबाई म्हणतात, "ती खिचडी खाऊनच पोर सुकली, डबा दे." सकाळी ती चहा-बिस्किटं खाऊन जाते, दुपारी घरी आली की परत चहा लागतो. काय करू?
— एक आई, विक्रोळी

उत्तर : सासूबाईंचा राग भलत्याच ताटावर निघतोय. खिचडी बंद करू नका. पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळेत रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी मिळायला हवी, असा नियम आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. बाकी दिवसभराचं घरानेच भरून काढायचं असतं, आणि तुमच्याकडे तिथे चहा-बिस्किटं आहेत!

चहातल्या टॅनिनमुळे डाळ-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. शाळेतून आल्या आल्या चहा म्हणजे खिचडीतलं थोडंफार लोहही वाया. तो बंदच करा. नऊ वर्षांच्या पोरीला चहा हवाच कशाला? सकाळी पोहे-उपमा द्या, वर लिंबू पिळून. लिंबाने लोह शोषायला मदत होते. संध्याकाळी भिजवलेले चणे. घरात मासे चालत असतील तर सुकट, जवळा आठवड्यातून दोनदा तरी करा. निव्वळ गूळ-शेंगदाण्याच्या भरवशावर मात्र राहू नका, गुळाचं जरा जास्तच कौतुक होतं.

अंड्याचं म्हणाल तर राज्य सरकारने 2023च्या अखेरीस आठवड्याला एक सुरू केलं आणि जानेवारी 2025मध्ये त्याचा निधी थांबवला. मला ते पटलेलं नाही. तुम्ही घरी उकडून द्या. लोहासाठी नव्हे, प्रथिनांसाठी.

आता महत्त्वाचं. या वयात 11.5च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि 10.4 हा आकडा नुसत्या खाण्यावर सोडण्यासारखा नाही. याच आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी प्रतिबंधासाठी असते. उपचाराचा डोस डॉक्टर ठरवतील. जंताचं औषध कधी दिलं होतं, तेही त्यांना सांगा.

आणि खिचडीत भाजी दिसत नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.