शाळेतले समाजकार्यकर्ते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शाळेत समुपदेशक आहेत. मग समाजकार्यकर्ता वेगळा कशाला? (एक वर्गशिक्षिका)

उत्तर : दोघांच्या कामाचा बराच भाग सारखा दिसतो, पण कामाची जागा वेगळी आहे. समुपदेशक मुख्यतः मुलाच्या मनात काय चाललंय त्यावर काम करतात. समाजकार्यकर्ता मुलाभोवतीची परिस्थितीही हलवायला बघतो : घर, वर्ग, दवाखाना, सरकारी योजना. वर्गात पेंगणाऱ्या मुलीला रात्री आजारी आजीजवळ जागावं लागत असेल, तर नुसतं बोलून तिची झोप पुरी होणार नाही. आजीच्या देखभालीची काहीतरी सोय लावावी लागेल. या कामाची सुरुवातच घरांपासून झाली. 1906-07 च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड इथे घरोघर जाणारे 'भेट-शिक्षक' नेमले गेले. 1913 मध्ये तिथल्याच रॉचेस्टर शहराच्या शिक्षण मंडळाने अशा शिक्षकांचा खर्च प्रथमच स्वतःच्या अंदाजपत्रकात घेतला.

प्रश्न : सातवीतला एक मुलगा सारखा गैरहजर असतो. पालकांना तीन चिठ्ठ्या पाठवल्या, उत्तर नाही. समाजकार्यकर्तीला घरी पाठवून पालकांना ताकीद द्यावी का? (एक मुख्याध्यापक)

उत्तर : ताकीद देण्यासाठी पाठवू नका. एकदा तसं झालं की त्या घराचं दार पुन्हा उघडणं अवघड होतं. आधी हजेरीपट समोर घ्या. कामाच्या दिवसांपैकी 10 टक्के किंवा जास्त दिवस गैरहजेरी असेल, तर ती गंभीर धरतात. 200 दिवसांच्या वर्षात हे 20 दिवस झाले, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. आजारपणाचे आणि रजेचा अर्ज आलेले दिवसही यात मोजायचे, कारण बुडालेला अभ्यास रजेचं कारण बघत नाही.

मग वार तपासा. फक्त सोमवारी खाडा असेल तर शनिवार-रविवारी घरात काय होतं ते विचारावं लागेल. ठरावीक तासिकेच्या दिवशी असेल तर कारण बहुधा शाळेतच आहे : एखादा विषय, एखादे शिक्षक, त्रास देणारी मुलं. वर्गशिक्षकांशी आणि मुलाशी बोलून झाल्यावरच गृहभेट घ्यायची.

भेटीची वेळ पालकांच्या सोयीने ठरवावी, अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसू नये आणि पहिलं वाक्य तक्रारीचं नसावं. मुलाला काय चांगलं जमतं तिथून बोलणं सुरू करावं. मग एकच गोष्ट नीट, सावकाश विचारावी : सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत काय काय होतं? उठवतं कोण, धाकट्या भावंडांचं कोण आवरतं, गणवेश वाळलेला असतो का, रस्त्यात कोण भेटतं? साखळी कुठे तुटते ते अशा उत्तरांत सापडतं. तीन चिठ्ठ्या अनुत्तरित राहिल्या, तर पालकांना वाचता येतं का हेही हळूच जाणून घ्यावं. अनेकदा 'बेपर्वाई'चं मूळ तिथे असतं.

परत आल्यावर एक किंवा दोनच बदल ठरवा. कोण करणार आणि केव्हापासून ते लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी पहिला आढावा, सहा आठवड्यांनी दुसरा. एकदम सात-आठ गोष्टी ठरवल्या की एकही होत नाही. सगळ्यात जास्त बिघाड होतो तो मूल परत येतं त्या दिवशी. 'आलात का साहेब?' असं सगळ्या वर्गासमोर म्हटलं, की महिन्याची मेहनत त्या एका वाक्यात जाते. शिक्षकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा : काही विचारायचं नाही, बसायला जागा आणि बुडालेल्या धड्यांची वही तयार ठेवायची.

प्रश्न : माझी मुलगी शाळेतल्या समाजकार्यकर्तीशी बोलते, पण काय बोलते ते आम्हाला सांगत नाहीत. आम्ही आईवडील आहोत ना! (एक पालक)

उत्तर : तुमची तगमग रास्त आहे. पण गुप्ततेचा भरवसा नसेल तर मूल बोलणारच नाही. या गुप्ततेला मर्यादा असते आणि ती मुलीला पहिल्याच भेटीत सांगायला हवी : ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, किंवा कुणी तिला इजा करत असेल, तर ते गुप्त राहत नाही. बाकीचं तिच्या संमतीने. शिक्षकांनाही गरजेपुरतंच कळवतात, उदाहरणार्थ 'काही दिवस तिला उभं करून प्रश्न विचारू नका.' कारण सांगत नाहीत. काळजी वाटत असेल तर तिघांची एकत्र बैठक मागा, हे तुम्ही नक्की मागू शकता.

प्रश्न : एखाद्या मुलाने 'घरी मला मारतात' असं सांगितलं, तर समाजकार्यकर्ता येईपर्यंत शिक्षकाने काय करावं? (एक शिक्षक)

उत्तर : शांतपणे ऐका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. 'बाबांनीच मारलं ना?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न टाळा. 'पुढे काय झालं?' एवढं पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी, वेळेसह लिहा. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर तो वेगळा लिहा. जखमांचे फोटो काढू नका. खात्री करून घ्यायला घरी फोनही करू नका, कारण संध्याकाळी मूल त्याच घरी जाणार असतं. मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा आणि मूल आत्ता घरी जाणं सुरक्षित आहे का, हा निर्णय शाळा सुटण्याआधी होऊ द्या. दुखापत असेल तर वैद्यकीय मदत आधी. तीच हकीगत मुलाला चार जणांसमोर पुन्हा सांगायला लावू नका.

प्रश्न : मी शाळेत नुकतीच रुजू झाले. बदली तासिका, फीची वसुली, मधल्या सुट्टीतली शिस्त, सगळं माझ्याकडेच. काय करू? (एक समाजकार्यकर्ती)

उत्तर : तासिका एखादवेळी घ्या, वसुली आणि शिस्त मात्र नाकारा. सकाळी ज्यांनी ओळीत उभं करून रागावलं, त्यांच्याकडे मूल दुपारी मन मोकळं करायला येत नाही. फी मागणाऱ्याला पालक घरची खरी अडचण सांगत नाहीत. मुख्याध्यापकांना हे कारणासकट लेखी द्या. सोबत दोन मागण्या ठेवा : बाहेर आवाज जाणार नाही अशी खोली आणि कुलूप लागणारं कपाट. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस 250 विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. तुमच्याकडे त्याहून खूप जास्त मुलं असतील तर सगळ्यांना थोडं थोडं वाटत बसू नका. हजेरी, अचानक घसरलेले गुण आणि शिक्षकांनी कळवलेली नावं या तिन्हींत जी मुलं येतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.