गार इंजिनावर बघ

प्रिय पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री वागळे इस्टेटमधून घरी आल्यावर मोठे करून करून बघितले. माझेराती ग्रॅनटुरिस्मो एस, २०१२ ची नोंदणी, मीटरवर १९ हजार किलोमीटर, पासिंग बाहेरच्या राज्याचं. खाली तुझी एकच ओळ: ‘काका, घेऊ का?’ फोनवर हो-नाही म्हणून मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून लिहायला बसलो.

तुझी निवड मला मनापासून आवडली. दोन दारांच्या बहुतेक गाड्यांत मागची सीट पिशव्या टाकण्यापुरती असते. इथे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर २९४२ मिलिमीटर आहे, त्यामुळे मोठी माणसं मागे खरोखर बसतात. पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या हातचा आकार, २००७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेला. एस मॉडेलचं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन मारानेल्लोत फेरारीच्या कारखान्यात बांधलेलं. ४४० अश्वशक्ती, आणि तीही टर्बोशिवाय. २०१९ मध्ये हे मॉडेल बंद झालं आणि नव्या ग्रॅनटुरिस्मोत टर्बोचं व्ही-६ किंवा बॅटरी आली. तेव्हा तुझा जीव या जुन्या गाडीत का अडकलाय, ते मला समजावून सांगायला नको.

पण ही गाडी लांबच्या पल्ल्यासाठी बनलेली आहे, आणि मला काळजी वाटते ती त्या १९ हजारांची. इतक्या वर्षांत एवढंच चालली म्हणजे गाडी जपली असं विकणारा म्हणेल. मी म्हणतो, ती उभी होती. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यात आपली खाडीकाठची हवा. या काळातल्या इटालियन गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या बटणांना मऊ रबरी लेप असतो, तो दमट हवेत पाघळतो. बटणावर अंगठा दाबून उचल. चिकट लागला तर गाडी कशा जागी उभी होती ते कळेल. मग पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढ. रोज लागत नाही तो भाग कोराच राहतो, आणि गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर मातीची रेघ तिथेच सापडते. विकणारे कार्पेट धुतात, पट्टा सहसा कुणी धूत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी टायर जुने असले तर चारही बदलायचेच, हे धरून चल.

आता गिअरबॉक्स. तू पाठवलेल्या गाडीत एमसी-शिफ्ट आहे. क्लचचं पेडल नाही म्हणून ऑटोमॅटिक वाटते, पण आत साधा एकच क्लच आहे आणि तो दाबण्या-सोडण्याचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखी मजा नाही. पण तू राहतेस कासारवडवलीला आणि ऑफिस ऐरोलीत. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखालून मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा असं इंचाइंचाने सरकताना तो क्लच सतत अर्धा धरलेला राहतो आणि झिजतो. तो बदलायचा म्हणजे मोठं काम. म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून क्लचची झीज टक्क्यांत वाचून घ्यायची, विकणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. हेच ४.७ चं इंजिन झेडएफ या जर्मन कंपनीच्या सहा गिअरच्या खऱ्या ऑटोमॅटिकबरोबरही मिळायचं, एस ऑटोमॅटिक नावाने, २००९ पासून. आपल्या रस्त्यांना मी तीच सुचवीन, थोडं थांबावं लागलं तरी.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी अशीच एक दोन दारांची जुनी गाडी मी पास केली होती. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट कोमट होतं. मालक म्हणाला, आत्ताच एक चक्कर मारून आणली. मी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला, गाडी सुरू करताना आतून खडखडाट येतोय. कॅमशाफ्टचा व्हेरिएटर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा भाग, गेला होता. गरम इंजिनात तेलाचा दाब लवकर बसतो आणि तो आवाज लपतो. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण पैसे त्याचे गेले आणि शब्द माझा होता. ग्रॅनटुरिस्मोच्या इंजिनातही व्हेरिएटरचं हे दुखणं ठाऊक असलेलं आहे. कॅमशाफ्ट फिरवायला रबरी पट्टा नाही, साखळी आहे, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि हा आवाज ऐकायचाच विसरतात.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघ. बाहेरच्या राज्याची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नकोस. इथे एमएच-०४ करताना महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागेल, तो किमतीत धर. २०२७ ला गाडी पंधरा वर्षांची होते, म्हणजे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. इन्शुरन्स हस्तांतरानंतर चौदा दिवसांत तुझ्या नावावर करायचा असतो. आणि सोसायटीच्या स्टॅक पार्किंगच्या पाटीवरची लांबी नि वजनाची मर्यादा वाच. ही गाडी ४.८८ मीटर लांब आहे आणि वजन पावणेदोन टनांच्या वर.

पैशाचं मात्र ठणकावून सांगतो. गाडी नवीच्या निम्म्याहून स्वस्त मिळतेय, पण सुटे भाग कोट्यवधीच्या नव्या गाडीच्याच भावाने येतात. किमतीचा चौथा हिस्सा वेगळा काढून ठेवता येत नसेल, तर यंदा घेऊ नकोस. कर्ज काढून तर मुळीच नको. आणि ऑफिसला तू आत्ता बसनेच जातेस, तशीच जा. ही गाडी रविवारी पहाटे सहाला काढ, घोडबंदर तेव्हा मोकळा असतो. आई-बाबांना मागे बसव आणि अटल सेतूवरून जाऊन ये, नाहीतर चांगली कोकणात ने. दर आठवड्याला तेवढं चालवणार असशील, क्लच चांगला निघाला आणि इंजिन गार असताना गप सुरू झालं, तर माझा होकार आहे. यातलं एक जरी कमी पडलं तर ऑटोमॅटिक मिळेपर्यंत थांबू.

शनिवारी सकाळी सातची वेळ ठरव. मालकाला आदल्या रात्रीच सांग की आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही. मी टॉर्च आणि स्कॅनर घेऊन तीन हात नाक्यावर उभा असेन. पोचल्यावर आधी तू बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर नमस्कार करून परत फिरू आणि वाटेत मिसळ खाऊ.

तुझा,
काका