दगडी (कासेची सूज, कासदाह) झालेल्या गाईचं दूध डेअरीला पुन्हा कधी घालावं? (मोहोळ, सोलापूर)

दगडीवर दिलेल्या अँटिबायोटिक औषधाच्या लेबलवर दूध न वापरण्याचा जो काळ दिलेला असतो, तो पूर्ण झाल्यावरच घाला. तिथे काहीच लिहिलं नसेल तर शेवटच्या डोसापासून किमान 7 दिवस थांबा. औषध नियमावलीतल्या नियम 97 मध्ये दुधासाठी हीच मुदत आहे, मांसासाठी 28 दिवस. औषधाची ट्यूब एकाच सडात सोडली असली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढा, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांतही उतरतं. उकळून अँटिबायोटिक पूर्ण जात नाही आणि ते दूध घरातली लेकरंच पितात, म्हणून इथे घाई नकोच. मात्र डोस वाढवला असेल किंवा दोन औषधं एकत्र दिली असतील तर लेबलवरचा आकडा पुरत नाही. उपचार केलेल्या पशुवैद्यकांकडूनच तारीख लिहून घ्या.